आधी नजर, शेवटी हातोडा

दगड गोळा करण्याचा छंद असेल तर महाराष्ट्रात फार लांब जावे लागत नाही. विहिरीचे खोदकाम, खडीची खाण, घाटातला नवा रस्ता, कुठेही सुरुंग उडाला की काळ्या पाषाणातली एखादी पोकळी उघडी पडते आणि आत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक चमकू लागतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांतून क्षारयुक्त पाणी झिरपत राहिले आणि त्यातून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अ‍ॅपोफिलाइट अशी खनिजे वाढली. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हा निघालेले नमुने थेट युरोपातल्या संग्रहालयांत गेले. आज जळगाव, नाशिक, पुणे या भागांतले स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे आहेत आणि सिन्नरला 'गारगोटी' नावाचे स्वतंत्र खनिज संग्रहालय उभे आहे.

या श्रीमंतीमुळे आपल्याकडच्या छांदिष्टांना एक समजूत चिकटते, की दगड म्हणजे निरुपद्रवी वस्तू. बेसाल्टात फिरताना ती बहुतेक वेळा खपून जाते. पण तोच माणूस पुढे प्रदर्शनातून पेरूचा किंवा चीनचा नमुना विकत घेतो, भंडाऱ्याच्या मँगनीज पट्ट्यात जाऊन येतो, कुणा निवृत्त प्राध्यापकांचा चिठ्ठ्या गळून पडलेला जुना संग्रह घरी आणतो. आता समोर काय आहे ते ठाऊक नसते. आणि ते जाणून घेण्यासाठी पुस्तकांत दिलेल्या पारंपरिक चाचण्या म्हणजे ओरखडा काढा, घासून भुकटीचा रंग पाहा, आम्लाचा थेंब टाका, तापवून पाहा, चव घ्या. या चाचण्या चांगल्याच आहेत. पण एक गोष्ट फार कमी ठिकाणी स्पष्ट सांगितलेली असते. बरीचशी धोकादायक खनिजे अखंड असताना शांत असतात आणि त्यांची धूळ, द्राव किंवा वाफ करण्याचे काम नेमक्या याच चाचण्या करतात. म्हणून माझे म्हणणे असे, की अनोळखी खनिज ओळखताना चाचण्यांचा क्रमच उलटा लावायला हवा. दगडाला धक्का न लावता जे कळते ते सगळे आधी, आणि मोडतोड सगळ्यात शेवटी, तीही गरज उरली तरच.

'हे खनिज विषारी आहे का?' हा प्रश्न मुळात अर्धवट आहे. कोणत्या रूपात आणि कोणत्या वाटेने ते शरीरात जाणार, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. बेरियमचे उदाहरण घ्या. बॅराइट हे बेरियमचे सल्फेट. आंध्रातल्या मंगमपेटला त्याचा प्रचंड साठा आहे. ते पाण्यात विरघळत नाही, जठरातल्या आम्लातही नाही, म्हणूनच पोटाचा एक्स-रे काढण्याआधी रुग्णाला बेरियम सल्फेटचा घोल पाजता येतो. विदेराइट हे त्याच बेरियमचे कार्बोनेट. ते जठरात विरघळते आणि बेरियम कार्बोनेट उंदीर मारायला वापरले गेलेले आहे. दोन्ही खनिजे पांढुरकी, दोन्ही आकाराच्या मानाने चटकन जाणवण्याइतकी जड. मूलद्रव्य एकच, पण एक औषधाच्या खोलीत आणि दुसरे विषाच्या डबीत. खनिजाच्या नावापुढे 'शिसे आहे', 'आर्सेनिक आहे' एवढे वाचून घाबरणे आणि तसे काही लिहिलेले नाही म्हणून निर्धास्त होणे, दोन्ही चूकच.

लाल दगडांपासून सुरुवात करू, कारण घोटाळा तिथे सर्वांत जास्त होतो. गोव्याच्या किंवा सिंधुदुर्गाच्या लोहखनिजाच्या पट्ट्यात सापडलेला लाल, जड दगड बहुधा हेमॅटाइट असतो. पण विकत घेतलेल्या नमुन्यात तोच रंग हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या सल्फाइडचा असू शकतो, किंवा मनशिळेचा, म्हणजे आर्सेनिकच्या सल्फाइडचा. तिघांत फरक करायला भुकटी पाडण्याची घाई करू नये. आधी वजन पाहावे. हेमॅटाइटचे विशिष्ट गुरुत्व ५ च्या आसपास, हिंगुळाचे ८ च्या वर, मनशिळेचे साधारण साडेतीन. स्वयंपाकघरातल्या धर्तीच्या, पण या कामासाठी वेगळ्या ठेवलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हे सहज मोजता येते. दगड कोरडा तोलून घ्यावा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरावा. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. कोरडा १०० ग्रॅम आणि पाण्यात २० ग्रॅम, म्हणजे ५. या रीतीला मर्यादा आहे. हिंगूळ बऱ्याचदा दुसऱ्या खडकावर पातळ थरासारखा बसलेला असतो, तेव्हा आकडा त्या खडकाचाच येतो. आणि पाण्यात विरघळणाऱ्या खनिजाला ती लावताच येत नाही. तरीही एकसंध तुकडा असेल तर एवढ्या एका मोजणीने निम्मे उमेदवार गळतात.

मनशीळ स्वतःची ओळख वेगळ्या रीतीने देते. उजेडात ठेवलेला नारिंगी-लाल स्फटिक काही काळाने निस्तेज होतो, त्याच्या कडा ठिसूळ होतात आणि डबीच्या तळाशी पिवळी भुकटी साठू लागते. ती भुकटी म्हणजे हरताळ असे पूर्वी समजत. प्रत्यक्षात ती मनशिळेचेच वेगळ्या रचनेचे रूप असते, त्याला पॅरारिअलगार म्हणतात. काचेच्या कपाटात दिव्याखाली मांडलेला असा नमुना म्हणजे आर्सेनिकची धूळ तयार करणारी जागा. ती फुंकर मारून किंवा रंगाच्या ब्रशने झाडू नये. ओल्या कागदाने टिपावी, कागद पिशवीत बंद करावा, नमुना अंधारात झाकण असलेल्या डबीत ठेवावा, हात साबणाने धुवावेत. एवढे केले तर मनशीळ संग्रहात ठेवायला हरकत नाही. ती तापवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत नाही. तापवलेल्या मनशिळेतून निघणारा पांढरा धूर म्हणजेच सोमल. फुंकनळी आणि कोळशावरच्या ज्या चाचण्यांवर एकोणिसाव्या शतकातले खनिजशास्त्र उभे होते त्यांची जागा आता इतिहासात आहे, घरातल्या गॅसवर नाही. राखाडी-पांढऱ्या धातूसारख्या दगडावर हातोडा मारल्यावर लसणासारखा वास आला, तर तो आर्सेनोपायराइट असण्याची दाट शक्यता आहे. तो वास पक्का करण्यासाठी पुन्हा मारून पाहू नये. एकदा आला तेवढा पुरावा पुरे.

निळ्या दगडांचा प्रश्न आपल्या अगदी जवळचा आहे. पुण्याजवळच्या वाघोलीतल्या खाणींतून कॅव्हानसाइट निघते. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचे हे खनिज, आणि नावही त्यांच्याच अक्षरांतून जुळवलेले. ते पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडले, पण त्याचे सर्वांत देखणे नमुने वाघोलीचे, हे जगातले संग्राहक मान्य करतात. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले त्याचे गर्द निळे, सुयांचे गोल झुपके एकदा नीट पाहिले की विसरत नाहीत. व्हॅनेडियम हे नाव ऐकून त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, ते सिलिकेटच्या घट्ट रचनेत बांधलेले असते. खरी काळजी त्याच्या निळेपणाशी स्पर्धा करणाऱ्या दुसऱ्या वस्तूची. खडकाच्या तुकड्यावर मोरचुदाचे स्फटिक वाढवून ते चॅल्कँथाइट म्हणून, नैसर्गिक खनिज म्हणून विकण्याचा धंदा जगभर चालतो. मोरचूद, अर्थात कॉपर सल्फेट, नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना आणि कोकणातल्या सुपारीवाल्यांना नवे नाही. बोर्डो मिश्रण त्याचेच. ते पाण्यात चटकन विरघळते, पोटात गेले तर उलट्या होतात आणि यकृत-मूत्रपिंडांना इजा होते. मुलांच्या हाती असा निळा, पारदर्शक, साखरेसारखा दिसणारा खडा देणे ही मोठी चूक ठरेल. शंका असेल तर ओल्या कापसाने एका कोपऱ्याला टिपावे. कापूस निळा झाला आणि त्या ओलीवर टेकवलेल्या लोखंडी खिळ्यावर तांबूस थर आला, तर निकाल लागला. शाळेतला विस्थापन अभिक्रियेचा प्रयोग इथे जसाच्या तसा कामाला येतो. कॅव्हानसाइट कापसाला रंग देत नाही.

याच ठिकाणी चाटून पाहण्याच्या सवयीबद्दल बोलायला हवे. रानात फिरणारे भूवैज्ञानिक दगडाला जीभ लावतात, कारण ओला पृष्ठभाग रंग आणि पोत नीट दाखवतो आणि सैंधवासारखे खनिज चवीने कळते. ठाऊक असलेल्या प्रदेशात, ठाऊक असलेल्या खडकावर त्यांनी ते केले तर समजू शकते. कुठून आला हे माहीत नसलेल्या नमुन्यावर तेच करायला माझा साफ विरोध आहे. ओल्या फडक्याने रंग तेवढाच दिसतो.

काळ्या आणि राखाडी दगडांत तीन नावे लक्षात ठेवावीत. पहिले गॅलेना, शिशाचे सल्फाइड, विशिष्ट गुरुत्व साडेसात, आणि तुटले तर घनाकृती पायऱ्या पडत तुटणारे. हातात घेऊन पाहायला ते धोकादायक नाही, पण हाताळून तसेच जेवायला बसणे धोकादायक आहे. त्याच्या जुन्या तुकड्यावर पांढरट बुरशीसारखा थर असेल तर तो सेरुसाइट, शिशाचे कार्बोनेट, असू शकतो आणि तो आम्लात गॅलेनापेक्षा लवकर विरघळतो. सुरमा म्हणून डोळ्यांत घालण्याच्या पुडीत गॅलेना असल्यामुळे मुलांना शिशाची बाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. दुसरे, मँगनीजची खनिजे. नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यातला पायरोल्युसाइट बोटांना काजळी लावून जातो. वर्षानुवर्षे मँगनीजची धूळ श्वासात घेणाऱ्या खाणकामगारांना कंपवातासारखा आजार होतो. एखादा नमुना फडताळात ठेवणाऱ्याला त्याची भीती नाही, मात्र तो घरात कोरडा घासू नये. तिसरे, युरेनियमची खनिजे. युरॅनिनाइट काळे असले तरी त्याची भावंडे रंगीत असतात. टॉर्बर्नाइटच्या पाचूसारख्या हिरव्या चौकोनी चकत्या, ऑट्युनाइटच्या लिंबू-पिवळ्या. ऑट्युनाइट अतिनील दिव्याखाली झगझगीत पिवळे-हिरवे चमकते, म्हणून अनेकांना वाटते की असा दिवा म्हणजे किरणोत्सार शोधायचे साधन. तसे नाही. कॅल्साइट चमकते, फ्लोराइट चमकते, कपडे धुण्याच्या पावडरीचा डागही चमकतो, आणि युरॅनिनाइट मात्र चमकत नाही. किरणोत्साराची शंका असेल तर गायगर काउंटरच लागतो. शिवाय बंद डबीत रेडॉन वायू साठतो, म्हणून ती घराबाहेर उघडावी. आपल्याकडे कायद्याप्रमाणे युरेनियम-थोरियमची खनिजे सरकारच्या नियंत्रणाखाली येतात, तेव्हा अशी खरेदी करण्याआधी हा मुद्दाही पाहावा.

आता पांढऱ्या तंतूंकडे वळू. दख्खनच्या दगडांत फिरणाऱ्यांना सर्वांत जास्त संबंध यांच्याशीच येतो, आणि यांच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. पोकळीत कापसाच्या बोळ्यासारखा दिसणारा ओकेनाइट, केसांसारखा मॉर्डेनाइट, सुयांचा स्कोलेसाइट. ओकेनाइटच्या गोळ्याला बोट लावले की तंतू चेपतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. भिंगाखाली पाहिले तर एकेक तंतू स्वतंत्र, वाकणारा, टोकाला जवळजवळ दिसेनासा होणारा. अशा तंतूंचे काय करायचे?

याचे उत्तर शोधताना तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाला जावे लागते. कराइन, तुझकोय आणि सारिहिदिर या तीन खेड्यांत फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग विलक्षण प्रमाणात आढळत होता. १९७०च्या दशकात डॉ. इझेत्तिन बारिश यांनी त्याचा पाठपुरावा केला. हा आजार अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होतो हे तोवर माहीत होते, पण इथे दोषी निघाले एरिओनाइट, एक तंतुमय झिओलाइट. ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ खडकात घरे कोरलेली, त्याच दगडाच्या भिंती, त्याचीच धूळ अंगणात आणि घरात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ मध्ये एरिओनाइटला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. पुढे अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटामध्ये एरिओनाइट असलेली खडी रस्त्यांवर पसरलेली आढळली तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला.

यावरून आपल्या खाणीतला प्रत्येक पांढरा झुपका जीवघेणा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच संस्थेने १९९७ मध्ये मॉर्डेनाइट आणि आणखी काही झिओलाइटांना तिसऱ्या गटात ठेवले. उपलब्ध पुराव्यावर वर्गीकरण करता येत नाही, असा त्या गटाचा अर्थ. निर्दोष ठरवणे वेगळे आणि पुरावा अपुरा असणे वेगळे, हे वाचकाने मनात ठेवावे. शिवाय मॉर्डेनाइट, एरिओनाइट, ऑफ्रेटाइट हे तंतू नुसत्या डोळ्यांनी किंवा साध्या भिंगाने खात्रीने वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी क्ष-किरण विवर्तन आणि पुष्कळदा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. मग ओळख पटेपर्यंत शहाणपणाची वाट एकच: तंतुमय नमुना घासू नये, फुंकू नये, कोरडा फोडू नये, पारदर्शक डबीत बंद ठेवावा आणि डबीतूनच पाहावा. ट्रेमोलाइट, अ‍ॅक्टिनोलाइट, क्रोसिडोलाइट या अ‍ॅस्बेस्टॉसच्या जातींनाही हाच नियम. अमेरिकेत माँटानातल्या लिबी गावात व्हर्मिक्युलाइटच्या खाणीत असेच तंतू मिसळलेले होते आणि त्याची किंमत खाणीत कधीही न गेलेल्या गावकऱ्यांनीही मोजली.

आणि तरीही, छंदापायी आजारी पडायची वेळ आलीच तर ती बहुधा यांतल्या कोणत्याही भारदस्त नावाने येणार नाही. ती येईल गारगोटीने. क्वार्ट्झ, अकीक, जॅस्पर ही विषाच्या कोणत्याही यादीत न सापडणारी खनिजे. गुजरातमधल्या खंभातला अकीक घासण्याचा शेकडो वर्षांचा व्यवसाय आहे. त्याचा कच्चा माल राजपिपळ्याजवळच्या रतनपूर भागातून येतो, म्हणजे आपल्याच दख्खनी लाव्ह्याच्या प्रदेशातून. घरातल्या किंवा अंगणातल्या चक्रावर कोरडा दगड घासणाऱ्या या कारागिरांत सिलिकोसिसचे प्रमाण किती गंभीर आहे हे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने नोंदवले आहे. सिलिकोसिस बरा होत नाही आणि तो झालेल्या माणसाला क्षयरोगही लवकर गाठतो. तुमच्या-माझ्या बोटातल्या अंगठीचा, गळ्यातल्या माळेचा मणी कुणाच्या तरी छातीतून गेलेला आहे, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त अस्वस्थ करते. घरी दगड कापण्याचे छोटे यंत्र घेणारे हौशी लोक आता आपल्याकडेही वाढत आहेत. त्यांनी पाण्याच्या धारेशिवाय एकही दगड चाकाला लावू नये. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवत नाही, एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. आणि सांडलेला चिखल वाळण्याआधी पुसायचा, कारण वाळला की तो पुन्हा धूळच.

दगडापेक्षा तो साफ करण्याची रसायने जास्त घातक ठरतात, हेही सांगायला हवे. स्टिल्बाइटवरचा कॅल्साइटचा थर काढायला संडास साफ करायचे आम्लयुक्त द्रावण ओतणारे आहेत. स्कोलेसाइट आणि नॅट्रोलाइट हायड्रोक्लोरिक आम्लात चक्क चिकासारखे होतात, इतर झिओलाइटांचीही चमक जाते. नुकसान एवढ्यावर थांबले तर नशीब. नमुन्यात गॅलेना किंवा स्फॅलेराइटसारखे सल्फाइड असेल तर आम्लाने हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याचा कुजक्या अंड्यांचा वास जास्त मात्रेत नाकाला कळेनासा होतो, म्हणून वास गेला म्हणजे धोका गेला असे नसते. आम्लानंतर डाग घालवायला ब्लीच ओतले तर क्लोरीन. अनोळखी नमुन्यावर आम्ल टाकायचेच तर विरल, एकच थेंब, नखाएवढ्या कपच्यावर आणि उघड्या हवेत.

कस पाहण्याबद्दलही तेच. टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर एक बारीक रेघ पुरते. हिंगुळाची शेंदरी, हेमॅटाइटची तांबूस-तपकिरी, मनशिळेची नारिंगी. रेघ ओल्या कागदाने पुसून टाकावी. मोह्जने १८१२ मध्ये दिलेली कठिनतेची मोजपट्टी आजही उपयोगी आहे, फक्त ओरखडा स्फटिकाच्या दर्शनी बाजूवर काढायचा नसतो.

हे सारे करूनही बरेच नमुने अनोळखीच राहतात. मान्यताप्राप्त खनिजांची संख्या सहा हजारांच्या वर गेलेली आहे आणि त्यांतली बहुतेक डोळ्यांनी ओळखण्यासारखी नाहीतच. मग उपकरणांकडे जावे लागते. इथे एक गैरसमज दिसतो. हातात धरायचे एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्र मूलद्रव्ये सांगते, खनिज सांगत नाही. बेरियम दिसले म्हणजे बॅराइट की विदेराइट, हे त्यातून थेट ठरत नाही, आणि बेरिलियमसारखी हलकी मूलद्रव्ये त्याला दिसतच नाहीत. रचना सांगणारी पद्धत म्हणजे क्ष-किरण विवर्तन, आणि नमुना न बिघडवता ती माहिती देणारी रामन वर्णपटमिती. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेल्या प्रकाशाच्या त्या विकिरणावर आज जगभरच्या प्रयोगशाळा खनिजे ओळखतात. महाराष्ट्रात नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे मुख्यालय आहे, पुणे विद्यापीठात भूशास्त्र विभाग आहे, मुंबईच्या आयआयटीत विश्लेषणाच्या उपकरणांची सोय आहे. ठिकाण, सोबतचा खडक, विशिष्ट गुरुत्व, कठिनता एवढी नोंद घेऊन गेलेल्या हौशी माणसाशी भूशास्त्राचे शिक्षक आनंदाने बोलतात असे मी पाहिले आहे. नुसता मोबाइलवरचा फोटो दाखवून 'हे काय आहे?' विचारणाऱ्याला ते मदत करू शकत नाहीत.

ही नोंद नमुना उचलल्या दिवशीच करावी. गाव, खाण किंवा विहीर, कोणत्या खडकात, सोबत काय होते, कुणाची परवानगी घेतली. विकत घेतला असेल तर विक्रेत्याने सांगितलेले ठिकाण 'विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे' असे शब्द घालून लिहावे. ओळख पटली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, आणि शंका कशाची आहे तेही: 'तंतुमय, एरिओनाइट नाकारलेले नाही', 'आर्सेनिक असावे, पाण्यात घालू नये'. ही चिठ्ठी डबीच्या आत नव्हे तर बाहेरून चिकटवावी, म्हणजे ती वाचण्यासाठी डबी उघडावी लागत नाही. संग्रह कधी ना कधी दुसऱ्याच्या हातात जातो, मुलांच्या, शाळेच्या, नाहीतर भंगारवाल्याच्या. डबीत काय आहे हे त्या माणसाला कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.